खोलीच्या आतल्या कडीबाबत

जबाब देणार: खाली सही करणारी. वय ४४ वर्षे. व्यवसाय: खाजगी तपासणी केंद्रात एक्स-रे तंत्रज्ञ, नोकरीस एकवीस वर्षे. राहणार: दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे दार. माझे व जिच्याबद्दल हा जबाब आहे तिचे नाव आणि पूर्ण पत्ते अर्जात दिले आहेत. ते इथे पुन्हा लिहू नयेत, कारण या टेबलावरचे कागद येणारे-जाणारे वाचतात, हे मी तीन दिवस बाकावर बसून पाहिले आहे.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

"समोर बसलेला माणूस धुतल्या तांदळासारखाच असतो, तो जिथून उठून आला, तिथे जाऊन विचारावं." हे वाक्य माझ्या आत्याचे आहे. मी बावीस वर्षांची असताना ती हे बोलली. हवालदार म्हणाले, "बाई, जबाबात आत्या नको. फोन का केला तेवढं सांगा." मी म्हणाले की फोन आत्यामुळेच केला, तेव्हा आत्या लिहावी लागेल. त्यांनी लिहिली.

वडील गेल्यावर मी आत्याकडे वाढले. बाविसाव्या वर्षी मला एक स्थळ आले होते. माणूस देखणा, बोलायला गोड. आत्या कोणाला न सांगता बसने त्याच्या जुन्या गावी गेली, तिथल्या शिंप्याला आणि पिठाच्या गिरणीवाल्याला विचारून संध्याकाळी परत आली. तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "नाही." त्याला आधीची बायको होती. तेव्हा ते वाक्य खरे ठरले. एकदा खरे ठरलेले वाक्य माणूस पुन्हा तपासत नाही. माझी चूक तिथून सुरू होते.

आत्या गेल्या वर्षी वारली. तेव्हापासून मी दोन खोल्यांत एकटी राहते. तीन महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी सात वाजता मी न्हाणीघरात घसरून पडले. घोटा मुरगळला. दाराला आतून कडी होती आणि माझा हात कडीपर्यंत पोहोचत नव्हता. नळ चालू राहिला. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली म्हणून त्या भांडायला वर आल्या, तेव्हा साडेबारा वाजले होते. त्यांच्या जावयाने आधी बाहेरचे आणि मग आतले दार फोडले. नवे दार बसवायला सुतार आला, तेव्हा मी न्हाणीघराची आणि दोन्ही खोल्यांची आतली कडी काढून टाकायला लावली. हा तपशील पुढे लागणार आहे.

काकू म्हणाल्या, "कुणीतरी ठेव सोबतीला. पडलीस तर ओरडायला तरी कुणी हवं."

मी म्हणाले, "पडल्यावर ओरडायला मी आहे की, काकू."

त्या म्हणाल्या, "ऐकायला गं, ऐकायला."

म्हणून मी कोपऱ्यावरच्या वह्या-पेनांच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली: एकट्या नोकरदार स्त्रीस सोबतीण हवी, स्वतंत्र खोली. तीन जणी येऊन गेल्या. पहिली आईला घेऊन आली. आईने स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले आणि मला विचारले, "तुम्ही घोरता का? आमच्या हिची झोप फार सावध आहे." ही मुलगी पस्तिशीची होती आणि एक अक्षर बोलली नाही. दुसरी पोहायला शिकवणारी होती. "मी एकदम मोकळी हं, ताई. माझं-तुझं असलं काही नसतं माझ्यात," असे म्हणत तिने आरशासमोर माझ्याच फणीने केस विंचरले. तिसरी, ती.

ती बुधवारी संध्याकाळी साडेसहाला आली. वय अंदाजे बत्तीस. कपड्यांच्या दुकानात तयार कपडे मापाप्रमाणे घट्ट-सैल करून देण्याचे काम करते. तिने चपला काढल्या त्या बाहेरच्या बाजूला तोंड करून, निघायच्या तयारीत ठेवल्यासारख्या. पाणी प्यायली आणि पेला धुऊन पालथा घातला. खोलीत जाऊन खिडकी पाहिली नाही, कपाट उघडले नाही. दार लावले आणि चौकटीच्या आतल्या बाजूने हात फिरवला. तिथे कडी काढल्याची चार भोके आहेत. तिने भोकांवर बोट ठेवून विचारले, "आतून कडी नाही?"

मी म्हणाले, "काढून टाकली. दोघींच्या घरात कड्या कशाला?"

ती म्हणाली, "न्हाणीघराला?"

"तिथेही नाही." मी माझी पडण्याची गोष्ट सांगितली. ती हसली नाही, अरेरे म्हणाली नाही. "मग पडलं तर कुणीही आत येऊ शकतं," एवढे म्हणाली. मला वाटले, माझ्या सोयीबद्दल बोलते आहे.

पुढे तिने दोन प्रश्न विचारले. खालच्या पाटीवर तिचे नाव लावावे लागेल का, आणि माझ्याकडे कोण कोण येते. मी विचारले, याआधी कुठे राहत होतीस? म्हणाली, मैत्रिणीकडे. त्याआधी? म्हणाली, लांब. ओळखीचे कोणी सांग, म्हटल्यावर तिने दुकानात शिलाई बघणाऱ्या मास्तरीणबाईंचा नंबर दिला. मी शनिवारपर्यंत कळवते म्हणाले. होकार असेल तर तिने रविवारी अकराला सामान घेऊन यावे, असे ठरले.

मास्तरीणबाईंना मी गुरुवारी फोन केला. त्या म्हणाल्या, "कामाला चोख. टाका बघाल तर मशीनचा वाटेल. बोलायला तेवढी कंजूस. तोंडात सुई धरून बसल्यासारखी." मी विचारले, घरचे कोण? त्या म्हणाल्या, "मी कपडे बघते ताई, घरं बघत नाही."

हे पुरेसे होते. आज मला कळते की पुरेसे होते.

काकूंना मी सगळे सांगितले, तर त्या म्हणाल्या, "कडी कशाला हवी गं तिला? पाटीवर नाव नको, आधी कुठे राहायची ते सांगत नाही. काहीतरी काळंबेरं आहे. नीट चौकशी कर, नाहीतर उद्या हात चोळत बसशील." गुरुवारी मला झोप आली नाही. तिचा पालथा घातलेला पेला मी उचलून ठेवला नव्हता. मला ती हवी होती. खरे सांगायचे तर आत्या गेल्यानंतर त्या घरात दुसऱ्या माणसाने पेला धुतल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला होता. पण हवी आहे म्हणून तर जास्त तपासावे, असे मला वाटले. आमच्या केंद्रात नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळल्याशिवाय कोणाला मशीनसमोर उभे करत नाहीत. एका खुणेवर भरवसा ठेवायचा नाही, ही माझी एकवीस वर्षांची सवय आहे. मास्तरीणबाई ही एक खूण झाली. मला दुसरी हवी होती.

शुक्रवारी दुपारी चार वाजता, गर्दी नसताना, ती कधी तपासणीला आली असेल तर घरचा नंबर मिळेल म्हणून मी केंद्राच्या संगणकावर तिचे नाव टाकले.

इथे हवालदारांनी लिहिणे थांबवले व म्हणाले, "ताई, हे कशाला? जुन्या ओळखीतून नंबर मिळाला, असं लिहू. हे वाचलं तर तुमची नोकरी जाईल." मी म्हणाले, जाईल. त्यांनी पेन खाली ठेवले. मी सांगितले की हे लिहिणार नसाल तर मी सही करणार नाही. मग त्यांनी साहेबांना विचारले. साहेब म्हणाले, "बाईंना हौस आहे तर लिहा." तेव्हा लिहावे की: तपासणीला आलेल्या माणसाची माहिती स्वतःच्या कामासाठी बघण्याचा मला अधिकार नव्हता. मी ती बघितली. मला कोणी सांगितले नव्हते.

तिच्या नावाच्या दोन नोंदी निघाल्या. चार वर्षांपूर्वी, उजवा हात. चौदा महिन्यांपूर्वी, डाव्या बरगड्या. दोन्हींपुढे कारण एकच: घरात पडून. मी मनात म्हणाले, चला, दोघी पडणाऱ्या जमल्या. असे मी खरोखर म्हणाले. त्याखाली संपर्कासाठी नंबर होता आणि नंबरापुढे, पती. फोटो उघडून पाहायला एक बटण दाबावे लागते. मी ते दाबले नाही. मला हाडे बघायची नव्हती, नंबर हवा होता.

चार वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या मोबाइलवरून फोन केला.

तो म्हणाला, "नमस्कार ताई." आवाज मऊ होता. मी सांगितले की अमुक एक बाई माझ्याकडे राहायला यायची म्हणते, तर चौकशी करते आहे. तो म्हणाला, "जेवते ना हो ती वेळेवर?" मला भरून आले. हे लिहावे. तो म्हणाला, "आमचं थोडं बिनसलं. संसारात भांड्याला भांडं लागतंच. राग अगदी नाकावर असतो तिच्या, पण मनानं चांगली आहे. हात स्वच्छ, काम स्वच्छ. तुमच्यासारख्या मोठ्या बहिणीजवळ राहिली तर माझी काळजी मिटेल." मी विचारले, तिला कडी लागते ती का? तो हसला. "लहानपणापासूनची सवय, ताई. भित्री आहे." पत्ता त्याने मागितला नाही. तो म्हणाला, "कुठे आहे ते मला सांगू नका, तिला आवडायचं नाही. फक्त जागा सुरक्षित आहे ना?" जागा किती सुरक्षित आहे हे पटवून देण्यासाठी मी त्याला रस्ता, इमारत, मजला आणि कोपऱ्यावरचे दुकान सांगितले. रविवारी अकराला ती सामान घेऊन येईल हेही मीच सांगितले. फोन सहा मिनिटे चालला.

त्या फोनमुळे माझा होकार पक्का झाला. सोडून गेलेल्या बायकोबद्दल जो इतके चांगले बोलतो, त्याच्या घरून आलेली बाई वाईट कशी असेल, असा मी हिशेब केला.

संध्याकाळी मी तिला फोन करून ये म्हणाले. ती म्हणाली, "खरंच?" मग म्हणाली, "आणि कडीचं?" मी म्हणाले, "तू आधी ये तर, बाई. कडी कुठे पळून चालली आहे?" ती त्या वेळी हसली. मी तिला हसताना एकदाच ऐकले, ते हे.

रविवारी ती अकराला दहा कमी असताना आली. एक बॅग होती. या वेळी चपला काढल्या त्या घराकडे तोंड करून, माझ्या चपलांच्या शेजारी. आम्ही चहा घेतला. ती म्हणाली, "तुमच्या गाउनची बाही उसवली आहे. संध्याकाळी द्या." अकरा वीसला घंटा वाजली. मला वाटले काकू. मी दार उघडले.

तो दारात होता. हातात फळांची पिशवी. म्हणाला, "ताई, मीच तो." मी त्याला आत घेतले असे नाही. मी बाजूला झाले नाही असेही नाही.

ती उठून न्हाणीघरात गेली. आतून दार धरून उभी राहिली असावी, कारण दार थोडे थोडे हलत होते. तो ओरडला नाही. "नाटकं पुरे," एवढेच म्हणाला आणि त्याने दार ढकलले. ढकलायला त्याला एक हात पुरला. दुसऱ्या हातात फळांची पिशवी तशीच होती. ती त्याने नंतर माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तुमचे उपकार झाले, ताई."

ती बाहेर आली. त्याच्याकडे तिने पाहिले नाही. मला म्हणाली, "तुम्ही सांगितलंत?"

मी चहाचे कप उचलले.

अकरा पस्तीसला ते गेले. तिचा दंड त्याने धरला होता. जिन्यात काकू उभ्या होत्या. त्याने त्यांनाही नमस्कार केला. ती अनवाणी गेली. चपला माझ्याकडे आहेत.

मी साडेबाराला या ठाण्यात आले. ठाणे अंमलदार म्हणाले, "नवरा बायकोला घेऊन गेला, यात तक्रार कसली?" मी म्हणाले, ओढून नेले. ते म्हणाले, "ओरडली का?" मी म्हणाले, नाही. "मग? मोठी बाई आहे, तोंड आहे तिला." मी सांगितले की तोंड होते, कडी नव्हती. त्यांनी मला पाणी देऊन घरी पाठवले.

सोमवारी कामावर गेल्यावर मी ते बटण दाबले. हे पुढचे शब्दशः लिहावे. पडणारा माणूस हात टेकतो, त्याचे मनगट मोडते. गेल्या एकवीस वर्षांत अशी मनगटे मी किती पाहिली याची मोजदाद नाही. तिचे मनगट धड आहे. तिचे करंगळीच्या बाजूचे हाड मोडले आहे, कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मध्यावर. ते हाड एकटे तिथे मोडते ते बहुतेक वेळा डोके वाचवायला हात आडवा धरल्यावर. शिकाऊ मुलींना हे मी स्वतः शिकवते. साहेब म्हणाले, "तुम्ही डॉक्टर नाही." बरोबर आहे. मी फक्त फोटो काढते. तो फोटोही मीच काढला होता. खाली तंत्रज्ञ म्हणून माझी खूण आहे. चार वर्षांपूर्वी ती माझ्या मशीनसमोर उभी होती आणि मी तिला म्हणाले असणार, हात सरळ, हलू नका, झालं. मला ती आठवत नाही. तिला मी आठवत होते की नाही, हे आता कोणाला विचारू?

मंगळवारी मी पुन्हा आले. माझ्यासमोर त्या नवऱ्याला फोन लावण्यात आला. त्याने लगेच तिच्याकडे दिला. ती म्हणाली, "मी सुखरूप आहे. मला तक्रार नाही." हवालदार मला म्हणाले, "झालं समाधान? आता निवांत झोपा." मी म्हणाले की तिच्या आवाजामागे तिसऱ्याचा श्वास ऐकू येत होता. ठाणे अंमलदार म्हणाले, "तुमची मशीन श्वासाचाही फोटो काढते का?" आजूबाजूचे हसले. मीही हसले असते, दुसऱ्या कोणाची गोष्ट असती तर.

मी माझ्यावर गुन्हा नोंदवा म्हणाले. साहेबांनी सांगितले की चौकशी करणे हा गुन्हा नाही, उलट अनोळखी माणसाला घरात घेण्याआधी चौकशी करा, असे ठाण्याच्याच फलकावर लिहिले आहे. मी बाहेर जाऊन फलक वाचला. तसे लिहिले आहे. कोणाकडे करू नये, ते लिहिलेले नाही. माझी आत्याही ते सांगायची विसरली. जिथून उठून आला तिथे विचारावं, हे खरे. पण काही माणसे तिथून उठून येत नाहीत, सुटून येतात. मला राग आत्याचा येत नाही. काकूंचाही फार नाही. त्या कालपासून जेवलेल्या नाहीत. राग त्या मऊ आवाजाचा येतो, आणि तो आवडला त्या कानाचा. तो कान माझा आहे, त्यामुळे तो मला कुठे ठेवता येत नाही.

तिची मागे राहिलेली बॅग मी आज बुधवारी इथे आणली, ती उघडण्यात आली. त्यात निघाले ते असे: कपड्यांचे तीन जोड, एक टॉवेल, मोजायची टेप, कात्री, सुयांची डबी, दुकानाचे ओळखपत्र, आणि दुकानाच्या कागदात गुंडाळलेली एक नवी कडी, चार स्क्रू आणि एक लहान पेचकस. कागदावर तिच्या हाताने चार टिंबे काढलेली आहेत. बुधवारी तिने भोकांवर बोट ठेवले, तेव्हा ती अंतर मोजत होती. मी बघू नंतर म्हणाले तरी ती घेऊन आली होती. मला त्रास नको म्हणून पेचकसही आणला होता.

कपडे आणि बाकीच्या वस्तू ठाण्यात जमा केल्या. कडी, स्क्रू व पेचकस मी पावती देऊन परत घेतले आणि दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन आले. जबाब त्यानंतर पुढे सुरू झाला.

हवालदारांनी हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. फोनचा भाग ते भरभर वाचत होते, म्हणून तो मी पुन्हा सावकाश वाचायला लावला. त्यांनी एके ठिकाणी "अनवधानाने माहिती दिली" असे लिहिले होते. ते खोडून "माहिती दिली" केले आहे व खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी माझ्या तोंडचे आहे, कमी नाही की जास्त नाही. याची एक प्रत माझ्या केंद्राच्या व्यवस्थापकांना गेली तरी माझी हरकत नाही.

शेवटी एक विनंती. ती मी तोंडी सांगितली तेव्हा साहेबांनी घड्याळाकडे पाहून मान हलवली, तेव्हा उत्तर काय येणार ते मला माहीत आहे. तरी लिहून घ्यावी. तिला एकटीला विचारावे. फोनवर नाही, समोर बसवून. तो दाराबाहेर नसावा, जिन्यात नसावा, रस्त्याच्या पलीकडेही नसावा. विचारणारी बाई असावी. आणि काहीही विचारण्याआधी तिला माझा एक निरोप द्यावा की खोली कोणाला दिलेली नाही, आणि तिने आणलेली कडी तिच्याच चार स्क्रूंनी दाराला बसवली आहे. काकूंना आत उभे करून कडी लावायला सांगितली आणि मी बाहेरून दोन्ही हातांनी ढकलून पाहिले. दार उघडले नाही.